पाच मात्रांची साथ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गुरुजींनी जन्मभर साथ केली. स्वतंत्र तबलावादन त्यांनी फारच थोड्या वेळा केले. मैफल संपली की लोक गायकाभोवती जमत आणि गुरुजी कोपऱ्यात बसून डग्ग्यावर गवसणी चढवत. तो कोपरा मला फार जवळून माहीत आहे, कारण दुसरी गवसणी माझ्या हातात असे. म्हणून त्यांच्या नावाने बोलायची संधी आली, तेव्हा साथ करणाऱ्या एका माणसाबद्दलच बोलायचे मी ठरवले. हा माणूस अमेरिकेतला. जॅझ संगीतातला ड्रमर. नाव जो मोरेलो. जन्म 17 जुलै 1928, मृत्यू 12 मार्च 2011.

जॅझचे ड्रमर म्हटले की जाणकार दुसरी नावे आधी घेतील. बेबी डॉड्स, जो जोन्स, केनी क्लार्क, मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स. जॅझची लय घडवली ती या कृष्णवर्णीय कलावंतांनी, याबद्दल दुमत नाही, आणि मोरेलोंनीही ती त्यांच्याकडूनच घेतली. तरी आज मी मोरेलो निवडले, कारण आपल्या गुरुजींना जन्मभर छळणारा प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला होता: साथीदाराने किती बोलावे?

आधी वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. गणपतीत आपण ढोल-ताशा ऐकतो. ताशेवाला वेगळा, ढोलवाले वेगळे, झांजवाले वेगळे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या वाजंत्री पथकांतही असेच होते. मोठा ढोल एकाकडे, कडकडणारा छोटा स्नेअर ड्रम दुसऱ्याकडे. ही मंडळी रस्त्यावरून नाचघरात शिरली तेव्हा जागा कमी आणि पैसेही कमी. मग ढोल जमिनीवर आडवा ठेवून तो पायाने वाजवायची युक्ती निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पायाने दाबायचा चांगला पेडल बाजारात आला आणि दोन-तीन माणसांचे काम एक माणूस बसून करू लागला. उजवा पाय ढोलावर, कालांतराने डावा पाय झांजांच्या जोडीवर, दोन्ही हातांत काठ्या. चार अवयव, चार वेगळी कामे. पुढे 1940च्या आसपास केनी क्लार्क यांनी लय ढोलावरून उचलून वरच्या मोठ्या झांजेवर नेली. त्या झांजेची अखंड किणकिण म्हणजे जॅझचा ठेका. ढोल आणि स्नेअर मोकळे झाले, मधूनमधून बोलायला. आपल्याकडे ठेका भरताना तबलजी जागा पाहून एखादा मोहरा टाकतो, तसेच हे.

मोरेलोंचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावचा. जन्मापासूनच दृष्टी अधू. मैदानी खेळ शक्य नव्हते, तेव्हा सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन आले. मुलगा असा तयार झाला की नवव्या वर्षी बोस्टन सिंफनी वाद्यवृंदाबरोबर त्याने मेंडेल्सोनचा कॉन्चेर्टो एकलवादक म्हणून वाजवला. सगळ्यांनी धरूनच ठेवले होते की हा व्हायोलिनवादक होणार. पंधराव्या वर्षी त्याची गाठ याशा हायफेट्झ यांच्याशी पडली. हायफेट्झ म्हणजे त्या काळी व्हायोलिनचा शेवटचा शब्द. त्यांचा स्वर जवळून ऐकल्यावर मुलाने मनाशी ठरवले की हा स्वर आपल्याला कधीच साधणार नाही. त्याने व्हायोलिन खाली ठेवले आणि ड्रमकडे वळला.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षांपूर्वी वाचली आणि मला ती पराभवाची वाटली. आज तशी वाटत नाही. पंधराव्या वर्षी आपल्या कानाचा इतका खरा निवाडा करणारा मुलगा मला दुसरा माहीत नाही. आणि व्हायोलिन सुटले तरी एक गोष्ट त्याच्याबरोबर राहिली: आघात कसा करायचा यापेक्षा नाद कसा काढायचा याची काळजी. मोरेलोंचा ड्रम कधी खणखणत नाही, तो बोलतो. त्याचे मूळ मला त्या नऊ वर्षांच्या व्हायोलिनमध्ये दिसते.

ड्रमचे गुरू तीन. गावातले जो सेफचिक पहिले. दुसरे बोस्टनचे जॉर्ज लॉरेन्स स्टोन. स्टोन यांचे 1935चे 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक ड्रम शिकणाऱ्यांच्या घरात आजही असते. त्यात सुरेल असे काही नाही. उजवा, डावा, उजवा, डावा. मग उजवा, उजवा, डावा, डावा. मग त्यांची उलटापालट. पानेच्या पाने. आपल्याकडे 'धा धा तिट धा धा तिना'चे पलटे महिनोन्महिने घोटून घेतात, त्याच जातीचे हे काम. मोरेलो हे धडे घरी वाजवताना कंटाळले, म्हणून त्यांत आपल्या मनाने आघात घालू लागले: इथला ठोका जोरात, तिथला हलका. आणि तसेच वाजवून दाखवायला स्टोन यांच्याकडे गेले. शिष्याने पाठात भर घातली तर काही गुरूंना राग येतो. स्टोन यांनी उलट त्यावर विचार केला. 1961 साली त्यांचे 'ॲक्सेंट्स अँड रिबाउंड्स' हे दुसरे पुस्तक आले ते याच वाटेने, आणि ते त्यांनी आपल्या या शिष्याला अर्पण केले. गुरूने शिष्याला पुस्तक अर्पण करावे, यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

तिसरे गुरू न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधले बिली ग्लॅडस्टोन. हजारोंच्या त्या प्रचंड नाट्यगृहात त्यांच्या स्नेअरचा हलका रोल, म्हणजे सलग ठोक्यांचा अखंड नाद, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाई, अशी त्यांची ख्याती.

हाताची ती किमया काय होती, ती जवळून पाहू. ड्रमवर काठी मारली की ताणलेले कातडे तिला परत वर फेकते. नवशिका ती काठी दाबून धरतो आणि पुढच्या ठोक्यासाठी मनगटाच्या जोराने पुन्हा उचलतो. दर ठोक्याला दोन कष्ट. स्टोन आणि ग्लॅडस्टोन यांची शिकवण अशी की काठी टाकायची तेवढी तुम्ही; ती उचलण्याचे काम कातडे करील, तुम्ही तिच्या वाटेत येऊ नका. चेंडूचे टप्पे हाताखाली घेताना आपण चेंडू धरत नाही, परत येईल तेव्हा तळव्याने नुसता स्पर्श करतो. काठीच्या बाबतीत तो स्पर्श बोटांनी करायचा. हे जमले की वेग वाढतो आणि आवाज मात्र वाढत नाही. मोरेलोंच्या डाव्या हाताची बोटे या कामात इतकी तयार होती की एकट्या डाव्या हाताने ते अखंड रोल वाजवत आणि त्या वेळी उजवा हात मोकळा असे. आपल्याकडे 'तिरकिट' घोटणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. जोर लावणे सोपे असते. वेगात असताना हात सैल ठेवणे हीच खरी तयारी.

स्प्रिंगफील्डमध्ये फिल वुड्स आणि सॅल साल्वाडोर यांच्यासारखे तरुण वादक भोवती होते. 1952 साली मोरेलो न्यूयॉर्कला गेले आणि थोड्याच दिवसांत पियानोवादक मॅरियन मॅकपार्टलंड यांच्या त्रयीत दाखल झाले. बासवर बिल क्रो. बावन्नाव्या रस्त्यावरच्या 'हिकरी हाउस' या भोजनगृहात रोज रात्री त्यांचे वादन असे. मॅकपार्टलंड यांनी नंतर लिहिले आहे की पहिल्यांदा समोर आलेला तो चष्मेवाला, किडकिडीत, अबोल तरुण ड्रमर वाटेचना, अणुविज्ञानाचा विद्यार्थी वाटत होता. मग तो ड्रमवर बसला.

या हिकरी हाउसमधले एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. दोन बैठकांच्या मधे बाकीचे वादक जेवायला, गप्पा मारायला जात. मोरेलो मागच्या टेबलावर बसत, कापडी नॅपकिनची घडी घालून समोर ठेवत आणि काठ्या काढून तिच्यावर हात घोटत राहत. घडीवर आवाज होत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना त्रास नाही. न्यूयॉर्कचे तरुण ड्रमर त्या टेबलाभोवती उभे राहून नुसते पाहत. पुन्हा बैठक सुरू होईपर्यंत हे चाले. मैफलीच्या मध्यांतरात रियाज करणारा कलावंत तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला असेल?

आता साथीदाराने किती बोलावे, त्या प्रश्नाकडे येतो. 1956 साली डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीला नवा ड्रमर हवा होता. ही चौकडी तेव्हाच प्रसिद्ध होती. ब्रुबेक यांचे चित्र 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर 1954 सालीच येऊन गेले होते. त्यांचे सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांचा स्वर अतिशय मुलायम. आपल्यामागे कोणी धडधडावे हे त्यांना मुळीच खपत नसे. हिकरी हाउसमध्ये मोरेलोंना ऐकून त्यांनीच नाव सुचवले. डेझमंड यांनी तिथे काय ऐकले होते? तारांचे ब्रश. स्नेअरवर तारांचा ब्रश गोल फिरवला की सुपात धान्य पाखडावे तसा सरसर आवाज येतो. ती सरसर डेझमंड यांना आवडली. त्यांना वाटले, हवा तसा मागे राहणारा माणूस मिळाला.

मोरेलोंनी मात्र ब्रुबेक यांना आधीच स्पष्ट सांगितले होते की नुसता ठेका धरून अंधारात बसायची माझी तयारी नाही. ब्रुबेक यांनी त्यांना वाव द्यायचे कबूल केले. बेनी गुडमन आणि टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदांतली कामे नाकारून मोरेलो इथे आले. आणि शिकागोच्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये पहिल्याच रात्री ब्रुबेक यांनी त्यांना एकल वादन दिले. श्रोते उभे राहिले. डेझमंड मंचावरून निघून गेले. नंतर त्यांनी ब्रुबेक यांना निर्वाणीचे सांगितले: हा जाईल, नाही तर मी. ब्रुबेक यांनी उत्तर दिले की हा जाणार नाही. दुसऱ्या रात्री डेझमंड येतील की नाही याचा कोणालाच भरवसा नव्हता. ते आले.

आपल्याला हे भांडण परके नाही. गवयाने तबलजीला मधेच हाताने खूण करून गप्प बसवलेले आपण पाहिले आहे. तबलजीने दाद मिळतेय म्हणून गवयाच्या बंदिशीवर लग्गीचा पाऊस पाडलेलाही पाहिला आहे. दोघांचीही चूक असते आणि दोघांचेही थोडे खरे असते. त्या रात्री डेझमंड चुकले असे मला सरसकट म्हणवत नाही. त्यांचा स्वर खरोखर नाजूक होता आणि त्यांची भीती खरी होती. पुढे त्यांची आणि मोरेलोंची मैत्री झाली, पण त्या मैत्रीसाठी कोणी माघार घेतली नाही. मोरेलो डेझमंड यांच्या मागे हळू आणि ब्रुबेक यांच्या मागे ठाम वाजवायला शिकले. एकाच गाण्यात दोन माणसांसाठी दोन प्रकारची साथ. ब्रुबेक पियानोवर जड, आडमुठे, उलट्या लयीचे ठोकळे रचत. डेझमंड त्यावरून वाऱ्यासारखे जात. मधे बसलेल्या माणसाला दोघांना एकाच आवर्तनात बांधून ठेवायचे होते.

1958 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या चौकडीला दौऱ्यावर धाडले. शीतयुद्धाचे दिवस होते आणि जॅझ ही अमेरिकेची मैत्रीची भाषा ठरली होती. फेब्रुवारी ते मे या काळात 14 देशांत सुमारे 80 कार्यक्रम झाले: पोलंड, तुर्कस्तान, इराण, इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, सिलोन आणि आपला देश. बासवर आता युजीन राइट होते. मुंबईत ब्रुबेक यांनी सतारनवाज अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवले. आणि मद्रासला आकाशवाणी केंद्रात मोरेलोंची गाठ पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी घालून दिली गेली.

पळनी म्हणजे कर्नाटक संगीतातल्या मृदंगवादनाचे त्या काळचे अग्रगण्य नाव. डावखुरे वादक. त्यांना मोरेलोंची भाषा येत नव्हती आणि मोरेलोंना त्यांची. दोघांनी एकमेकांसमोर बसून वाजवले: इकडून मृदंगाचे बोल, तिकडून ड्रमवर त्यांचे उत्तर. त्या दिवशी त्या खोलीत एक बाजू अशी होती की जिच्यासाठी पाच आणि सात मात्रा म्हणजे रोजचे पाणी. दुसरी बाजू अशा परंपरेतली की जिथे जवळजवळ सगळा जॅझ चार मात्रांत चालत आला होता. मोरेलोंना विषम मात्रांची ओढ आधीपासून होती. ब्रुबेक यांच्याकडे यायच्या आधीपासून ते त्या घोटत होते. म्हणून भारतात येऊन त्यांनी पाच मात्रा शिकल्या असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे आपल्याला सुखावते, पण खरे नाही. मात्र एक गोष्ट ध्वनिमुद्रित आहे. दौऱ्याहून परतल्यावर चौकडीने 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' ही तबकडी केली. त्यात 'कलकत्ता ब्लूज' नावाची रचना आहे आणि तिच्यात मोरेलोंनी काठ्या बाजूला ठेवून ड्रम बोटांनी वाजवला आहे. कानाला ते परके तबलावादन वाटत नाही. आदराने केलेले ऐकणे वाटते.

ब्रुबेक यांनी त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊ मात्रांची एक चाल ऐकली होती, दोन-दोन-दोन-तीन अशी. तिच्यातून 'ब्लू राँडो आ ला टर्क' झाले. आणि अख्खी तबकडीच अशा अनोळखी मापांची करायची असे ठरले. तिचे नाव 'टाइम आउट'. कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, 1959च्या उन्हाळ्यात तिचे ध्वनिमुद्रण झाले.

'टेक फाइव्ह' तिच्यातच आहे. मोरेलो मैफलीत पाच मात्रांत एकल वादन करत. ते श्रोत्यांना आवडत असे. त्यावर एक चाल कर, असे डेझमंड यांना सांगण्यात आले. मूळ कल्पना एवढीच की मोरेलोंच्या वादनाला एक चौकट मिळावी. ज्या माणसाने मोरेलो नको म्हटले होते, त्यानेच मोरेलोंसाठी चाल बांधली. डेझमंड यांच्याकडे दोन सुटे तुकडे होते. ब्रुबेक यांनी ते जोडून त्यांची रचना केली. 25 जूनला बरेच प्रयत्न झाले, पण पाच मात्रा काही बसेनात. कोणी ना कोणी घसरत होते. 1 जुलैला पुन्हा बसले आणि ते झाले.

आता मी माझा अनुभव सांगतो. मी झपताल शिकत होतो तेव्हा एका मित्राने 'टेक फाइव्ह'ची कॅसेट आणून दिली. ऐकताच मी म्हटले, हा तर आपला झपताल, आणि मांडीवर धरायला लागलो: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. बसेना. दोनदा, चारदा, दहादा केले. मात्रा पुरत होत्या, पण सम भलतीकडे पडत होती. मी कॅसेट गुरुजींकडे नेली. त्यांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकली, डोळे मिटून. मग रिवाइंड करायला लावली आणि टिचकी वाजवत म्हणाले, "अरे, हे तीन-दोन आहे. तू दोन-तीन धरतोयस. तुझ्या तिसऱ्या मात्रेवर यांची सम आहे." मी झपतालाची तिसरी मात्रा सम मानून धरला: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. बसला. त्या दिवशी दुपारभर आम्ही तेच केले.

आणि मग गुरुजींनी जे विचारले त्यानेच मी आज इथे उभा आहे. त्यांनी विचारले, "यांच्यात खाली कुठे आहे?" मी पुन्हा ऐकले. खाली नव्हती. झपतालात सहाव्या मात्रेवर डग्गा थांबतो, नाद हलका होतो आणि ऐकणाऱ्याला कळते की आपण अर्ध्यावर आलो. पाश्चात्त्य लयीत अशी व्यवस्था नाही. मग पाच मात्रांत हरवलेल्या श्रोत्याला कोण घरी आणते? गुरुजींनी पियानोकडे बोट दाखवले. ब्रुबेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच एक छोटा तुकडा वाजवत राहतात, डुलणारा, न थकणारा. बाकीचे काही होवो, तो तुकडा थांबत नाही. आणि मोरेलोंचे एकल वादन सुरू होते तेव्हाही थांबत नाही.

जॅझच्या मैफलीत ड्रमचे एकल वादन सुरू झाले की बहुधा बाकीचे वादक थांबतात. ड्रमर एकटा उरतो, मोकळा सुटतो, आणि लय श्रोत्याच्या हातून बऱ्याचदा निसटते. इथे तसे नाही. पियानो लेहरा धरून आहे आणि ड्रम त्याच्यावर बोलतो आहे. सारंगी किंवा पेटी नगमा धरते आणि तबलजी त्याच्यावर पेशकार मांडतो, तीच बैठक. ब्रुबेक यांनी हे आपल्याकडून उचलले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. दोन परंपरा एकाच अडचणीतून एकाच वाटेने बाहेर पडल्या, आणि मला तेच अधिक मोठे वाटते.

मोरेलो त्या लेहऱ्यावर काय करतात, तेही ऐकण्यासारखे आहे. ते सुरुवातीला जवळजवळ काहीच वाजवत नाहीत. ढोलावर एक ठोका. मोठी जागा मोकळी. मग दोन. पियानो चालू, आणि ड्रम गप्प. श्रोता मनातल्या मनात मात्रा मोजू लागतो, म्हणजे तोच साथीला बसतो. मग कुठे हात वाढतो. एवढ्या तयारीचा माणूस आपली तयारी राखून ठेवतो. डाव्या हाताचा तो रोल त्यांना तिथे सहज घालता आला असता.

कंपनीला या तबकडीची भीती होती. सगळ्या रचना नव्या, ओळखीची एकही चाल नाही, मुखपृष्ठावर नील फुजिता यांचे अमूर्त चित्र, आणि नाचायला येणार नाही अशा मात्रा. झाले वेगळेच. 1961 साली 'टेक फाइव्ह' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 25व्या क्रमांकापर्यंत गेले, 'टाइम आउट' तबकड्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत. दुकानात, मोटारीत, केशकर्तनालयात लोक पाच मात्रांवर पाय हलवत होते आणि त्यांना ते पाच आहेत हे माहीतही नव्हते. साथीदाराचे यापेक्षा मोठे यश कोणते ते मला सांगा. ताल अवघड आहे हे श्रोत्याला कळू न देणे! डेझमंड 1977 साली गेले तेव्हा त्यांनी या चालीचे मानधन अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकले.

याच काळातली एक गोष्ट साथीच्याच संदर्भात सांगायला हवी. बासवादक युजीन राइट कृष्णवर्णीय होते, बाकीचे तिघे गोरे. 1960 साली दक्षिणेकडच्या महाविद्यालयांचा 25 कार्यक्रमांचा दौरा ठरला. राइट यांच्या जागी गोरा बासवादक आणा, अशी मागणी आली. ब्रुबेक यांनी नकार दिला आणि 23 कार्यक्रम रद्द झाले. ड्रम आणि बास हे जॅझमध्ये एका श्वासाने चालतात. डग्गा आणि तबला वेगळे करावेत तसे त्यांना वेगळे करता येत नाही. पण ब्रुबेक यांचा नकार संगीताच्या सोयीसाठी नव्हता. तो माणसासाठी होता, आणि त्याची किंमत चौघांनी मिळून दिली.

फेब्रुवारी 1963 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांची मैफल झाली. न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रांचा संप चालू होता, जाहिरात नाही, त्यामुळे लोक येतील की नाही याची चौघांना चिंता. सभागृह भरले. त्या रात्रीचे 'कॅस्टिलियन ड्रम्स' ध्वनिमुद्रित आहे. पुन्हा पाच मात्रा आणि मोरेलोंचे प्रदीर्घ वादन. ज्यांना त्यांची खरी तयारी ऐकायची आहे त्यांनी ते ऐकावे.

डिसेंबर 1967 मध्ये चौकडी विसर्जित झाली. मोरेलो तेव्हा 39 वर्षांचे होते. ते शिकवू लागले. लुडविग या ड्रम कंपनीतर्फे गावोगाव प्रात्यक्षिके देण्याचे काम ते आधीपासून करत होते. आता न्यू जर्सीत शिष्य येऊ लागले. डॅनी गॉटलिब त्यांच्याकडे शिकले, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या वाद्यवृंदातले मॅक्स वाइनबर्गही शिकले. 1976 साली उरलेली दृष्टीही गेली. मार्गदर्शक कुत्रा बरोबर घेऊन ते शिकवायला आणि वाजवायला जात राहिले. 1983 साली 'मास्टर स्टडीज' हे त्यांचे पुस्तक आले. पुन्हा उजवा-डावा, पुन्हा आघात, पुन्हा काठीची उसळी. स्टोन यांच्याकडून घेतलेले ते पुढे देत होते. ज्या विद्येत हात कसा चालतो हे पाहून शिकायचे, ती दिसत नसलेल्या माणसाने कानांनी तपासून शिकवली. काठी दाबली गेली की तिचा नाद कोंदतो. तो कोंदलेला नाद ऐकायला डोळे लागत नाहीत. आपल्या गुरुजींनाही शेवटच्या वर्षांत कमी दिसे, आणि शाईवरचा हात किती सरकला ते ते पाठमोरे बसून सांगत. तुमच्यातल्या अनेकांनी ते ऐकले आहे.

वेळ होत आली. शेवटी एक छोटी रचना ऐकवतो, दोनच मिनिटांची. 1961 सालची 'अनस्क्वेअर डान्स'. सात मात्रा. मोरेलो इथे कातड्यावर फारसे वाजवतच नाहीत, काठ्यांनी ड्रमची कड वाजवतात, आणि टाळ्यांचा ठेका चालू राहतो. तुम्ही रूपकाच्या टाळीने धरून पाहा. सुरुवातीला वाटेल की जमले. शेवटचे आवर्तन फार अवघड आहे. ते संपल्यावर ध्वनिफीत लगेच बंद होत नाही. एक माणूस हसल्याचा आवाज येतो. ते मोरेलो आहेत. निभावले म्हणून हसले, आणि ते हसू तबकडीतून कोणी काढून टाकले नाही.

लावतो. टाळी हलक्या हाताने धरा, म्हणजे ते हसू ऐकू येईल.